भाऊजींचा बेडूक

आमच्या भाऊजींनी एकवीस देश पाहिलेत, असं गल्लीतले लोक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. साफ खोटं. भाऊजींनी एकवीस बंदरांच्या फाटकासमोरचं पहिलं दुकान पाहिलंय. त्यापलीकडे काही नाही. मी त्यांची सख्खी वहिनी आहे, मला माहीत आहे.

ते प्रवासी जहाजावर लॉन्ड्रीत कामाला आहेत. हौसेनं समुद्र बघायला निघालेली दोन-अडीच हजार माणसं वर उन्हात लोळत असतात आणि त्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे खाली धुतले जातात. खाली म्हणजे किती खाली, तर पाण्याच्या पातळीच्याही खाली. तिथे खिडकी नाही. खोलीएवढी धुण्याची यंत्रं, एका बाजूनं चादर गिळून दुसऱ्या बाजूनं कडक इस्त्री करून टाकणारा लांबलचक रोलर, आणि बारा तासांची पाळी. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे भाऊजींना ओल्या टॉवेलांवरून कळतं. ढीग मोठा आला की वर ऊन आहे.

प्रवाशांचे स्वतःचे कपडे वेगळे धुवायचे असतात. एकाचा शर्ट दुसऱ्याच्या खोलीत गेला की बोंबाबोंब होते, म्हणून प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला पेननं खोलीचा नंबर आणि तारीख घालायची. त्या शाईला उकळतं पाणीसुद्धा काही करू शकत नाही. चौदा वर्षं हेच केल्यामुळे भाऊजींचा हातच तसा झालाय. सुट्टीवर आले तरी ते पेन खिशात असतंच. दाढीच्या ब्रशवर तारीख, चपलेच्या तळाला नंबर, मी आणलेल्या नव्या बादलीच्या बुडालासुद्धा तारीख. म्हणे, ‘कधी आणली ते कळतं, वहिनी.’ बादली कधी आणली ते कळून मला काय करायचंय? पण सांगणार कोण. मला त्या तारखा दिसेनाशा झाल्या होत्या. घरातल्या भिंतीवरचा डाग दिसेनासा होतो ना, तसंच.

जहाज बंदराला लागलं की लॉन्ड्रीवाल्यांना सगळ्यात शेवटी बाहेर सोडतात. दोन तास. त्यातला एक कागद दाखवायच्या रांगेत जातो. मग भाऊजी फाटकातून धावत सुटतात आणि समोर जे दुकान दिसेल त्यात घुसतात. त्या दुकानांत काय मिळतं, ते बघायचं असेल तर आमच्या बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट बघा. म्हणजे, तेव्हा बघायला हवं होतं.

प्लॅस्टरचा एक मनोरा, त्याच्या पोटात तापमापक. तो उन्हाळा असो की थंडी, कायम बावीसवर. काचेचा गोळा, हलवला की आत बर्फ पडायचा. पाणी पिवळं पडलं आणि बर्फ तळाला चिकटून बसला. शिंपल्यांचं कासव, डोक्यावर टोपी घातलेलं. कुठल्याशा राजाराणीच्या लग्नाची बशी. लग्न मोडलं म्हणे, म्हणून स्वस्तात मिळाली. पायाच्या आकाराचा ॲशट्रे, आणि घरात विडी ओढणारं कोणी नाही. एक लाकडी जोडा, एकाच पायाचा. दुसरा कुठंय म्हणून विचारलं तर भाऊजी म्हणाले, “एकच विकत होते.”

आमचे हे म्हणायचे, “अरे, तुझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठीच ती दुकानं चालतात.” हे म्हणजे माझे मिस्टर, भाऊजींचे थोरले भाऊ. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये आहेत. तोंडानं बोलतील, पण जहाज कधी लागणार याची तारीख कॅलेंडरवर तेच लिहून ठेवायचे.

आईंना मात्र त्या कपाटाचं कोण कौतुक. आई म्हणजे माझ्या सासूबाई. भाऊजी त्यांचं शेंडेफळ, त्यात लग्न न केलेलं, त्यामुळे जास्तच. दर आठवड्याला कपाट उघडून एकेक वस्तू पुसायच्या. भाऊजी घरी असले की विचारायच्या, “हा कुठला रे?” भाऊजी गावाचं नाव सांगायचे. “कसं आहे गाव?” मग भाऊजी तिथला किल्ला, पूल, बाग असं काहीबाही सांगायचे. ते सगळं त्या दुकानातल्या पोस्टकार्डांवर बघितलेलं असायचं. मला एकदा त्यांनी कबूल केलं होतं. म्हटलं, खरं का नाही सांगत? तर म्हणाले, “ओल्या टॉवेलांचं काय सांगू तिला, वहिनी?”

एकदा एप्रन आणला. स्वयंपाकघरात घालतात तो. पाकिटातून नुसते खांदे दिसत होते, भाऊजींना वाटलं कसलं तरी चित्र आहे. आईंनी सगळ्यांसमोर उलगडला तर अख्खा नागडा पुतळा, मानेपासून गुडघ्यापर्यंत. घातला की घालणाराच नागडा दिसणार. हे खाकरले आणि उगाच अंगणात निघून गेले. भाऊजी लालबुंद. आईंनी चष्मा लावला, वरून खालपर्यंत नीट बघितलं, कापड चिमटीत धरून चोळलं.

“कापड चांगलं आहे,” म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “अगं, याला एक चड्डी शिवून दे.”

मी दिली शिवून. निळी सुती चड्डी, वर खोटी नाडीसुद्धा लावली. त्या दिवसापासून आई रोज तो एप्रन घालायच्या. आम्ही हसून हसून दमलो होतो. ते हसू मला आठवतं, म्हणजे हसलो होतो हे आठवतं.

शिवणकाम हाच माझा धंदा. नवे कपडे कमी, दुरुस्ती जास्त. पँटची लांबी कमी कर, चेन बदल, उसवलेलं शिव. मशीन बाहेरच्या खोलीत आहे. खिडकीचा उजेड हवा म्हणून माझं तोंड खिडकीकडे आणि पाठ दाराकडे. दिवसभर गिऱ्हाइकं येतात, म्हणून दार उघडं. हे लक्षात ठेवा.

बेडूक आला तो त्यानंतरच्या सुट्टीत. हिरव्या प्लॅस्टिकचा, दीड वितीचा, डोक्यावर हॅट. बेडकाचे दात कधी दिसत नाहीत, याचे दिसत होते आणि तो ते दाखवून हसत होता. समोरून कोणी गेलं की डोळे लाल व्हायचे आणि ‘डरांव, डरांव, डरांव’ असा तीनदा ओरडायचा. भाऊजी भलतेच खुशीत होते. “शेजारच्या दुकानात चिनीमातीचा होता, वहिनी, पण तिप्पट सांगत होता. मी याच्याशी अशी घासाघीस केली, अशी केली, की शेवटी वैतागून अर्ध्यात दिला.” दोन पेन्सिल सेल त्यांनी स्वतः घातले आणि दाराजवळच्या चपलांच्या फळीवर बेडूक बसवला. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक बाई अशी दचकली की ब्लाऊजचं माप न देताच गेली. मी म्हटलं, हा माझा धंदा बसवणार. आई म्हणाल्या, “असू दे गं. आल्यागेल्याला हाक मारतो बिचारा.”

आईंच्या डोक्याचं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. चष्मा पाण्याच्या पिंपात सापडायचा. दुपारी जेवून उठल्या की विचारायच्या, आज जेवायचं नाही का. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल. भाऊजी जहाजावर परत गेले आणि तो वाढलाच. मग आईंनी बाहेर जायला सुरुवात केली. “धाकटा आलाय. जहाज लागलंय. मी घेऊन येते त्याला.” आमच्या गावापासून समुद्र दिवसभराच्या प्रवासावर आहे. पण आई चपला घालून निघायच्या.

आणि बेडूक ओरडायचा.

‘डरांव’ झालं की मी मशीनवरचा पाय थांबवायचा आणि मागे वळून बघायचं. गिऱ्हाईक आत येत असलं तर ठीक. आई बाहेर निघाल्या असल्या तर उठून हाताला धरून आणायचं. कधी दिवसातून चार वेळा, कधी दहा. फोनवर मी भाऊजींना सांगितलं, तुमचा बेडूक चांगला राखणदार निघाला हो. ते म्हणाले, “खरंच, वहिनी?” चौदा वर्षांत, तो एप्रन सोडला तर, त्यांची एक वस्तू कामाला आली होती. नंतर कळलं की अख्ख्या लॉन्ड्रीत सांगत सुटले होते.

आता तो दिवस.

एका हॉटेलच्या वेटरांच्या चाळीस पँटची लांबी कमी करायची होती, संध्याकाळी पाचपर्यंत. आईंनी सकाळपासून डोकं उठवलं होतं. अकरा वेळा उठून आणलं मी त्यांना. टीव्ही लावला की त्या जरा बसायच्या. एका चॅनलवर प्रवासाचे कार्यक्रम लागायचे, त्यात जहाज दिसलं की आई पुढे वाकून त्यात भाऊजींना शोधायच्या. तर नेमका रिमोट बंद पडला. तळहातावर आपटला, सेल काढून उलटसुलट घातले, चावून बघितले. काही नाही. सेलचं दुकान कोपऱ्यावर, पाच मिनिटांवर. पण आईंना पाच मिनिटं कोणावर सोडू?

मी बेडकाचे सेल काढले आणि रिमोटमध्ये घातले. रिमोटचं झाकण ढिलं होतं, त्यावर चिकटपट्टी लावली. संध्याकाळी नवे आणू, म्हटलं.

सगळं खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. मला त्या बेडकाचा वीट आला होता. सकाळपासून त्या ओरडण्यानं कपाळ ठणकत होतं. दोन तास गप्प बस मेल्या, असं मी त्याला मोठ्यानं म्हटलं होतं.

चॅनल लावला. जहाज लागलं. आई एप्रन घालून खुर्चीत बसल्या होत्या, अगदी शहाण्या मुलीसारख्या. मी मशीनवर बसले. मशीन चालू झालं की त्या बेडकाशिवाय मला दुसरं काही ऐकू येत नाही. सव्वीस पँट झाल्या तेव्हा मी पाठ सरळ करायला वळले. खुर्ची रिकामी होती. टीव्ही चालूच होता.

गल्ली, दुकानं, बसस्टॉप, सगळं पालथं घातलं. ह्यांना फोन केला. ते डेपोतून निघेपर्यंत दुसरा फोन आला, मोठ्या चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराचा. कोणीतरी त्याला माझा नंबर दिला होता. म्हणाला, एक आजी आहेत, टेम्पोची धडक बसलीय. अंगावर एप्रन आहे, एप्रनवर, म्हणजे, उघड्या माणसाचं चित्र आहे आणि त्यावर चड्डी शिवलीय. बोलताना त्याची जीभ अडखळत होती. मी म्हटलं, निळी. तो म्हणाला, हो, निळी. मी म्हटलं, आमच्याच आहेत.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आई हॉस्पिटलातच वारल्या.

मला रडू आलं नाही. माणसं येत होती, माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, मी पाणी देत होते. दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या चौदा पँट शिवून टाकल्या. हॉटेलवाला म्हणाला, अहो, एवढी घाई नव्हती. मी म्हटलं, काम पडलं होतं.

ह्यांनी आई गेल्या त्याच दिवशी विचारलं होतं, “बेडूक वाजला नाही का गं?”

“नाही.”

“सेल संपले असणार. हलका माल, दुसरं काय.”

मी गप्प बसले. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ते अंघोळीला गेले तेवढ्यात मी बेडूक उचलला आणि चिंध्यांच्या पिशवीत घालून कपाटावर टाकला.

भाऊजी नवव्या दिवशी पोचले. तोवर सगळं आटोपलं होतं. बॅग खांद्यावरून न उतरवताच त्यांनी तेच विचारलं आणि ह्यांनी तेच उत्तर दिलं, सेल संपले होते रे. भाऊजी दारातच चपलांच्या फळीला टेकून बसले.

“मी घासाघीस केली,” म्हणाले. “चिनीमातीचा घ्यायला हवा होता. तो चांगला होता. मी पैसे वाचवायला हा घेतला.”

हेच वाक्य त्यांनी पंधरा दिवस म्हटलं. ह्यांना म्हटलं, शेजाऱ्यांना म्हटलं, दुधवाल्याला म्हटलं. एकदा माझ्या एका गिऱ्हाइकालाही सांगितलं, त्या बाईला ओळखत नसताना. ‘चिनीमातीचा घेतला असता तर आई असती.’ मी तिथेच मशीनवर बसलेली. एक वाक्य बोलले असते तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं आणि माझ्या डोक्यावर आलं असतं. तोंड उघडलं की दीर जाणार, नवरा जाणार, आणि मूलबाळ तर आम्हाला नाहीच. मी टाके घालत राहिले.

शेवटी त्यांनी काचेचं कपाट रिकामं केलं. मनोरा, गोळा, कासव, बशी, सगळं दोन खोक्यांत भरलं. “भंगार आहे हे सगळं, वहिनी. तुम्ही बोलत होता ते खरं होतं. बेडूक कुठंय?”

“टाकला,” मी म्हटलं. आधी मी नुसती गप्प बसले होते. हे सरळ खोटं होतं.

ते खोकी भंगारवाल्याला देऊन आले आणि जहाजावर गेले. पूर्वी दर रविवारी फोन असायचा. आता महिन्यातून एकदा. बरे आहात ना? बरं. ठेवतो. त्यांच्याबरोबर काम करणारा एकजण एकदा मध्येच फोन हातात घेऊन ह्यांना म्हणाला, तुमचा भाऊ आता बंदरावर उतरत नाही. पास मिळाला तरी खालीच बसून राहतो, यंत्रांपाशी. त्याला काहीतरी सांगा. ह्यांनी मला विचारलं, “काय सांगायचं गं त्याला?”

मला माहीत होतं काय सांगायचं ते. मी म्हटलं, “मला काय विचारता?”

तसे आठ महिने गेले. जेवत होते, झोपत होते, पँटच्या लांब्या कमी करत होते. कोणी विचारलं तर ठीक आहे म्हणायचे आणि ते खोटंही नव्हतं, कारण काही वाटतच नव्हतं. रिमोट चालत होता. मी त्याला हात लावत नसे, टीव्ही हेच लावायचे.

भाऊजी सुट्टीवर आले. सवयीनं मी त्यांची बॅग उघडली. आत फक्त कपडे होते, घडी घातलेले. मी चेन लावून टाकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे ड्यूटीवर होते. मी मशीनवर, भाऊजी मागे खुर्चीत, आईंच्याच. टीव्ही चालू, आवाज बंद. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला असावा. रिमोट मांडीवरून घसरला आणि खाडकन फरशीवर पडला. चिकटपट्टी सुटली, झाकण उडालं, एक सेल घरंगळत माझ्या मशीनच्या पायापाशी आला. मी उचलणार तेवढ्यात भाऊजींनी वाकून घेतला. त्यांनी तो रिमोटमध्ये घालण्यासाठी बोटांत फिरवला आणि तसेच थांबले.

“वहिनी.”

“हं.”

“या सेलवर माझी तारीख आहे.”

मी बघितलं. बारीक काळे आकडे, त्या बादलीच्या बुडावर होते तसेच. बेडकात घालताना त्यांनी घातलेली तारीख. त्या सकाळी मी ते सेल बेडकातून काढले, रिमोटमध्ये घातले, आणि मला ती दिसली नव्हती.

काहीतरी थाप मारता आली असती. माझ्यात तेवढाही जीव नव्हता.

“मीच काढले,” मी म्हटलं. “त्या दिवशी सकाळी. रिमोट बंद पडला होता आणि आई टीव्हीशिवाय बसत नव्हत्या. आणि मला बेडकाचा कंटाळा आला होता. सेल संपले नव्हते, भाऊजी. तुमच्या बेडकाचा काही दोष नव्हता. तुम्ही घासाघीस केली त्याचाही नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खाली बघितलं नाही. एवढं तरी करावं असं वाटलं.

“काय लागलं होतं टीव्हीवर?” त्यांनी विचारलं.

“जहाज.”

“बेडूक कुठे टाकला?”

“टाकला नाही.”

मी स्टूलवर चढले, कपाटावरची पिशवी काढली, चिंध्या बाजूला सारून बेडूक त्यांच्या हातात दिला. हॅटवर दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. भाऊजींनी ते एकेक करून काढले. रिमोटमधला दुसरा सेल काढला, दोन्ही बेडकात घातले, बेडूक चपलांच्या फळीवर पूर्वीच्याच जागी ठेवला आणि समोरून चालत गेले.

डरांव, डरांव, डरांव.

ते परत फिरले. डरांव, डरांव, डरांव. आवाज थोडा बसका होता, पण खणखणीत ऐकू येत होता. मशीन चालू असतं तरी ऐकू आला असता.

“वाजतोय,” भाऊजी म्हणाले. “चांगला माल होता, वहिनी.” आणि पुन्हा गेले, पुन्हा आले. रडत होते आणि त्या दारातून जात-येत होते, आणि बेडूक प्रत्येक वेळी दात काढून ओरडत होता. मी स्टूलजवळ उभी होते. किती वेळा ते मी मोजलं नाही.

दमले तेव्हा उंबऱ्यावर बसले.

“तेव्हा सांगायचं होतं.”

“हो. चुकलं माझं.”

“आठ महिने मला वाटत होतं की मी...”

“हो,” मी म्हटलं. “मी ऐकत होते.”



संध्याकाळी ह्यांना मीच सांगितलं. दोघं जेवायला बसले होते. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, ताटातलं संपवलं, हात धुतला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. जाताना बेडूक ओरडला. दोन महिने ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

भाऊजी सुट्टी संपायच्या दहा दिवस आधीच निघाले. बॅग घेऊन दाराशी गेले, बेडकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “हा काढू नका.” बस्स. मी नाही काढला. दिवसभर ओरडतो. ओरडला की माझा पाय थांबतो, मी वळून बघते. गिऱ्हाईक असतं. मी तोंड पुन्हा खिडकीकडे करते. ह्यांनी दोनदा सेल बदलले, न बोलता.

फोन आलाच नाही म्हटलं तरी चालेल. माझ्याशी तर नाहीच.

सात महिन्यांनी भाऊजी आले. या वेळी मी बॅगेला हात लावला नाही. त्यांनी स्वतःच उघडली आणि माझ्या मशीनच्या फळीवर, कापडं बाजूला सारून, पेन्सिल सेलचं एक मोठं पाकीट ओतलं. चोवीस. प्रत्येकावर शाईनं तारीख. त्यांनी त्याचे दोन ढीग केले.

“हे बेडकाचे. हे रिमोटचे.”

मला वाटलं, ही माझी शिक्षा, आणि बरोबरच आहे. आता दर सुट्टीला हेच येणार. मी म्हटलं, “बरं.”

मग त्यांनी बॅगेतून आणखी एक पाकीट काढलं. चपटं, पारदर्शक. वरून नुसते खांदे दिसत होते.

“उतरलात तुम्ही बंदरावर?” मी विचारलं.

“उतरलो. फाटकासमोरच दुकान होतं.”

“आणि पुन्हा तेच फसलात?”

“नाही. या वेळी उघडून बघून घेतला.” ते माझ्याकडे न बघता रिकाम्या काचेच्या कपाटाकडे बघत होते. “कापड चांगलं आहे. तुम्हाला होईल. चड्डी तेवढी शिवून घ्या.”

लगेच मन हलकं झालं असं मी म्हणणार नाही. तसं काही झालं नाही. मी उठून चिंध्यांची पिशवी काढली. निळं कापड तळाशी होतं, चड्डीपुरतं उरलेलं. ते एप्रनवर ठेवून टाचण्या लावल्या, मशीनखाली सरकवलं. सुईखालची शिवण मला नीट दिसेना. बाहीनं डोळे पुसले, पुन्हा दिसेना. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा.

मागे बेडूक ओरडला. माझा पाय थांबला, मी वळले.

भाऊजी चपला घालत होते. “दूध आणतो, वहिनी,” म्हणाले. “लगेच येतो.”

मी मान हलवली आणि ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत दाराकडे बघत राहिले.